तांडेलांच्या वरच्या दाढेची बखर

श्री देव रामेश्वर प्रसन्न. दर्याराजास दंडवत घालून, आणि ज्या बत्तीस बुरुजांच्या आत जिव्हा नामे राणी सुखरूप नांदते त्या मुखदुर्गास मुजरा करून, शके एकोणीसशे एकोणतीस, सर्वजितनाम संवत्सरी, मालवण बंदरी विठोबा तांडेलांचे घरी दाढेच्या कारणे जी थोर मोहीम जाहली तिची हकीकत ऐसी जे. ही लिहून ठेवावयाचे कारण इतकेच की जेटीवर हल्ली नाना तऱ्हेच्या वार्ता उठतात, कोणी म्हणतो तांडेल हरले, कोणी म्हणतो जिंकले, आणि कोणी तर छातीवर हात ठेवून सांगतो की डॉक्टरीणबाईंनी तांडेलांस सोन्याची दाढ बसविली. ती सर्व साफ लबाडी. ज्यास आमच्या लिहिण्याचा भरवसा नसेल त्याने खुशाल तांडेलांचे ओटीवर जावे आणि खात्री करावी, ते हल्ली कोणासही आ करून दाखवितात, विचारावेही लागत नाही.

विठोबा तांडेल म्हणजे खासे मर्द. वादळात बोट परत आणावी तर त्यांनीच, आणि खडकाळ वाटेने अंधारातून ती सुखरूप बंदरास लावावी तर तीही त्यांनीच. परंतु दर्यावरील पराक्रमाहून त्यांचा लौकिक नारळाच्या लढाईत अधिक. नारळी पुनवेस मानाचा नारळ दर्यास अर्पण जाहला की मग जेटीवर नारळ लढतात, एकाने मुठीत नारळ धरावा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर घाव घालावा, आणि ज्याचा फुटला त्याने तो जिंकणाऱ्याच्या हवाली करावा, ऐसा रिवाज. या खेळात तांडेलांचा नारळ वर्षानुवर्षे अभंग. लोक म्हणत की तांडेलांच्या मनगटात देव आहे. देव मनगटात नव्हता, दातांत होता. तांडेल मागील दारी कोणी नाहीसे पाहून एकेक नारळ समोरच्या दातांवर हळूच ठोकीत, आणि तो नाद जबड्यातून मस्तकात जाऊन करवंटी जाड की पातळ याचा चोख जबाब देई. हा त्यांचा खाजगी इलम, तो त्यांनी जन्मात कोणास सांगितला नव्हता, खुद्द कबिल्यासही नाही.

मग मागील साली, नारळी पुनवेच्या आदले दिवशी, तांडेलांनी शिरस्त्याप्रमाणे पहिला नारळ दातांवर ठोकला, तोच उजवीकडील वरच्या दाढेतून ऐसी कळ उठली की तांडेल केळीच्या बुंध्यास धरून मटकन खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी आले. दाढ आतून किडली होती. दुसरा नारळ ठोकावयाची छाती होईना. मग दुसरे दिवशी हातास येईल तो नारळ उचलून ते रणात गेले, आणि दांडी वाडीच्या बाबली सारंगांनी पहिल्याच घावास तो फोडून, जेटीवर सर्वांदेखत त्याचे खोबरे तांडेलांचे तोंडासमोर कराकरा खाल्ले. तेव्हा तांडेल बहुत दिलगीर जाहले. पुढील पुनवेस हा डाग धुऊन काढीन, ऐसा त्यांनी मनाशी निश्चय केला, परंतु निश्चय मनात आणि दाढ तोंडात, आणि दोहोंची गाठ पडेना.

कोणी म्हणेल की दाढ दुखते तर वैद्याकडे जावे. येथेच तर सर्व गोम आहे. तांडेलांस बाळपणी एका चुलत्याने सांगून ठेविले होते की वरची दाढ काढली की त्या बाजूचा डोळा जातो. आणि डोळा गेल्यावर तांडेल कसला? पाण्याचा रंग पाहून मासळी ओळखावयाची, ढगाची कड पाहून वारा ओळखावयाचा, ते सर्व डोळ्याचे काम. म्हणून त्यांनी दाढेत लवंग भरली, तुरटीच्या गुळण्या केल्या, कबिल्याच्या, गंगूबाईंच्या, डब्यातील भाजक्या तंबाखूची मशेरीही चोरून दाबून पाहिली, रामेश्वरास नवस बोलले, आणि घरात कोणास चकार शब्द कळू दिला नाही. दर्याच्या लाटेस न डरणारा पुरुष जिना चढून एका खुर्चीत बसावयास डरत होता, हे लिहिताना आम्हांसही वाईट वाटते, परंतु खरे ते खरे.

आता या गुप्ततेचा घाव भलत्याच ठिकाणी बसला तो ऐसा. तांडेलांचा कबिला गंगूबाई, बाजारात मासे विकणारी, आवाजाची खणखणीत, मनाची हळवी. तिच्या हातचे कुर्ल्यांचे, म्हणजे खेकड्यांचे, कालवण म्हणजे तांडेलांचा जीव की प्राण, आणि त्यातही कुर्लीचा मोठा डेंगा, म्हणजे नांगी, दातांखाली फोडून खावा हा तर त्यांचा जन्माचा छंद. तो पुरुष आता ताटातील डेंगा उचलून नातीच्या ताटात ठेवू लागला. नात सलोनी, वय लहान, भूक मोठी, तिने विनातक्रार खावे. पाहणारा म्हणे, आजोबांची माया किती! परंतु गंगूबाईंचे मनात निराळेच भरले. त्यांनी कधी नारळ जास्त वाटला, कधी मिरची कमी केली, कधी त्रिफळे दुप्पट टाकली, तरी डेंगा जाई तो नातीच्याच ताटात. मग एके दिवशी त्यांनी पळी खाली ठेविली आणि बोलल्या ते शब्द आम्ही जसेच्या तसे लिहितो, “माझ्या हातचा आता तुमका गोड लागणा नाय, तां सरळ सांगा मगे.” तांडेल बोलले, “तसा काय नाय गो.” गंगूबाई चुलीकडे तोंड करून बसल्या. त्या घरात असा अबोला पूर्वी कधी जाहला नव्हता.

या प्रसंगी जिने राज्य सावरले ती सून वर्षाली. कसालची लेक, हमरस्त्याच्या बाजारात वाढलेली, माणूस पुढून येतो की मागून हे पावलावरून ओळखणारी. तिने पाहिले की मामंजी डावीकडूनच चावतात, की जत्रेतून आणिलेला खाजा त्यांच्या खिशातच विरघळतो, की थंड पाण्याचा तांब्या तोंडास लावताना त्यांचा उजवा डोळा आपसूक मिटतो. मग ती एकांत पाहून म्हणाली, “बाबानू, दाढ दुखता मां तुमची?” तांडेलांनी मिशीवर हात फिरविला आणि जबाब दिला की, “माझी दाढ लोखंडाची आसा. तू आपली चूल बघ.” वर्षालीने चूल पाहिली आणि मसलतही केली.

तिने विचार केला की किल्ला एकाच बुरुजाने ढासळत नाही. सासूबाई सकाळी मशेरी लावल्याखेरीज जागच्या हलत नाहीत. आपला नवरा बाळा सोड्याच्या बाटलीचे झाकण दाताने उघडतो, जाळे विणताना नायलॉनचा दोराही दातानेच तोडतो, आणि त्यास मर्दुमकी म्हणतो. लेक सलोनी चॉकलेट तोंडात घेऊनच झोपते, तिचा एक दुधाचा दात काळा पडला आहे, आणि घरातील थोर मंडळी म्हणतात, पडणारेच दात, त्यांची काय काळजी. तेव्हा स्वारी करावयाची तर सगळ्या घराची एकदमच करावी. त्यात आषाढ लागलेला, दर्या खवळलेला, बोटी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली. दुसरे सरदार पावसाळ्यात छावणी करून स्वस्थ बसतात, वर्षालीबाईंनी पावसाळाच मुहूर्त धरिला, कारण घरची सर्व फौज तेवढ्याच दिवसांत एका जागी सापडते.

मग तिने तांडेलांस निरोप रुजू केला की सलोनीस दातांच्या डॉक्टरकडे न्यावयाचे आहे, पोर भिते आहे, आजोबा संगती असतील तर धीर येईल. वास्तविक पोर कशासही भीत नव्हती. परंतु नातीस धीर द्यावयाचा म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? आणि ऐशा रीतीने भर पावसात, छत्र्यांची दाटी करून, पुढे वर्षाली, मध्ये तांडेल आणि सलोनी, पाठीस गंगूबाई रुसलेल्याच आणि बाळा जांभया देत, ऐसी फौज बाजारपेठेत चालून गेली. डॉक्टर गौरजाबाईंचा दवाखाना माडीवर, जिना अरुंद. तांडेलांनी नातीचा हात धरिला आणि पायरीगणिक मूठ आवळत नेली, ती इतकी की वर पोहोचण्याआधीच पोर म्हणाली, “आजोबानू, माझो हात सोडा, दुखता.” तेव्हा कोण कोणास धीर देत होते हे वर्षालीस उघड दिसले, आणि तिने तोंडास पदर लावून हसू गिळले.

गौरजाबाई वयाने कोवळ्या, नजरेने तीक्ष्ण. त्यांनी आजोबांचा उजवा गाल पाहिला, वर्षालीकडे पाहिले, आणि सर्व उमजून आज्ञा केली की, “आजोबा, आधी तुम्ही बसून दाखवा, म्हणजे नातीला भीती वाटणार नाही.” हा डाव बिनतोड होता. नात पाहते आहे, सून पाहते आहे, रुसलेली बायको तर टक लावून पाहते आहे. तांडेलांनी रामेश्वराचे नाव घेतले आणि खुर्चीत चढले. खुर्ची आपोआप मागे कलली तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंस हात टाकून सुकाणू शोधिले, ते नव्हते. डोईवर दिवा लागला. मग अगदी बारीक आवाजात तांडेल बोलले, “बाय, डोळो ऱ्हवतलो मां?”

गौरजाबाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्या म्हणाल्या, “डोळ्याची नस निराळी, दाढेची निराळी, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. आणि ही दाढ मी काढणारच नाही, वाचवणार आहे.” मग त्यांनी दाढेच्या अंतरंगाचे चित्र काढून दाखविले, कीड कोठवर भुयार खणीत गेली आहे ते समजाविले, आणि मग समोरच्या दातांकडे वळून पुसले की या दातांच्या कडा ऐशा उडाल्या आहेत, हे कशाने? तांडेल आढ्याकडे पाहू लागले. परंतु तोंडात आरसा घातलेला मनुष्य किती काळ लपवणार? अखेर नारळाचा तो गुप्त इलम, मागील सालची ती कळ, सारंगांचे ते खोबरे आणि नातीच्या ताटात जाणारे ते डेंगे, सर्व कबुलीजबाब त्या खुर्चीत जाहला.

ते ऐकून गंगूबाई उभ्या राहिल्या. राग आणि सुटकेचा श्वास एकदमच आला, त्यामुळे आधी काय काढावे हे त्यांस कळेना, मग राग आधी निघाला. “वरीसभर ह्या पोटात ठेवलास? मी आपली नारळ जास्त घालू काय मिरची कमी घालू करून जीव खातंय, आणि तुमी दाढेक घाबरान बसलास?” इतके बोलून त्या रडू लागल्या, आणि रडताना हसूही लागल्या, आणि तांडेल खुर्चीत आडवे पडल्या पडल्याच म्हणाले की, “तुझ्या हातचा गोड लागणा नाय असा कधी होयत काय गो?” इतक्या दिवसांचा अबोला तेथेच माडीवर मोडला.

मग गौरजाबाईंनी बाकीच्या फौजेचीही पाहणी केली. सलोनीचा काळा दात भरून दिला आणि हुकूम केला की दुधाचे दात पडणारे खरे, परंतु ते खालच्या पक्क्या दातांची जागा राखून ठेवितात, म्हणून त्यांसही सांभाळावे. बाळास ताकीद दिली की दात म्हणजे पक्कड नव्हे. आणि गंगूबाईंच्या खालच्या ओठाआड, मशेरी लावितात तेथेच, पांढुरका चट्टा पाहून त्या गंभीर जाहल्या, आणि म्हणाल्या की आज सोडलीत तर तो जाईल असा भरवसा आहे, न सोडलीत तर भरवसा देता येत नाही. तांडेलांचा चेहरा उतरला. दाढेहून मोठे भय त्यांस त्या क्षणी कळले. तेव्हा गंगूबाई, बाजारात भाव तोडतात त्याच सुरात, नवऱ्यास म्हणाल्या, “तुमी नारळ दातार मारूचो बंद करा, मी मशेरी सोडतंय. आजपासून.” तांडेलांनी हात पुढे केला आणि डॉक्टरीणबाईंच्या साक्षीने तह मुक्रर जाहला.

त्याउपर दाढेचे युद्ध आषाढभर चालिले. गौरजाबाईंनी सुईने दाढ बधिर करावी, बारीक यंत्राने मुळापर्यंत उतरावे, कुजलेला शत्रू बाहेर काढावा, औषध भरून दरवाजा तात्पुरता लिंपावा, आणि तांडेलांनी पुन्हा यावे. सरतेशेवटी दाढेवर टोपी चढली.

इकडे घरातील आघाडी अधिक अवघड. वर्षालीने बाजारातून माणशी एक ब्रश आणिला, निरनिराळ्या रंगांचा, आणि फर्मान काढिले की सकाळी एक वेळ आणि जेवून निजण्यापूर्वी एक वेळ, आणि कोणी कोणाचा वापरू नये. पुढे काही दिवसांनी हत्यारांची तपासणी केली तो काय पाहते, बाळाचा ब्रश बोटीच्या इंजिनाचे तेलकट कोपरे घासून काळाभोर जाहला आहे, गंगूबाईंचा तिसऱ्या नावाच्या शिंपल्या धुण्यास लागला आहे, तांडेल आपल्या ब्रशाने बोटीच्या नावाच्या अक्षरांतील जुना रंग खरवडीत बसले आहेत, आणि सलोनीच्या ब्रशास मांजराचे केस. पुसले असता सर्वांनी एकमुखाने जबाब दिला की हत्यार फारच उत्तम आहे. तेव्हा वर्षालीबाई खवळल्या. त्यांनी नवे ब्रश आणिले आणि चहाची रसद तोडिली. जो घासून येईल त्यास कप, जो नुसता ब्रश भिजवून येईल त्याने आधी वास द्यावा. कोकणी माणूस तोफेपुढे उभा राहील, परंतु सकाळच्या चहावाचून उभा राहणार नाही. आठवडा लोटण्याआधी सर्व गड शरण आला. गंगूबाईंस मात्र मशेरीवाचून दिवस जड गेले, मस्तक धरे, चिडचिड होई, हात आपोआप फळीवरच्या डब्याकडे जाई, मग तांडेलांनी तो डबा उचलून बाहेर नेला आणि त्यात खिळे भरले.

मग श्रावण शुद्ध पौर्णिमा, भौमवासर, तो दिवस उजाडला. तांडेल मागील दारी नारळांच्या राशीपाशी गेले. कोणी पाहत नव्हते. दाढ आता दुखत नव्हती. एक नारळ उचलून त्यांनी ओठांपर्यंत नेला, आणि मग थांबले, आणि घरात चुलीपाशी हात मस्तकाला लावून बसलेली बायको त्यांस दिसली, आणि नारळ खाली आणून त्यांनी तो बोटांच्या सांध्यांनी वाजविला. बोटांस दातांचे ज्ञान नसते. तरी त्यातल्या त्यात बरा तो काखेत मारून स्वारी जेटीवर गेली.

जेटीवर माणसांचा दर्या लोटला होता. तांडेलांनी किरकोळ वीर सहज लोळविले, आणि मग समोर बाबली सारंग आले. पहिला घाव सारंगांचा, नारळ टिकला. दुसरा तांडेलांचा, सारंगांचाही टिकला. तिसऱ्या घावास खाडकन आवाज जाहला, पाणी उडाले, आणि तांडेलांचा नारळ दुभंगला. लोकांनी आरोळी दिली. सलोनीने रडे काढिले. तांडेलांचे मुख क्षणभर पांढरे पडले, वरीसभर उराशी धरलेली आशा ती, आणि तह मोडला असता तर ती हाती आली असती हे त्यांस पुरते ठाऊक होते. परंतु त्यांनी रिवाजाप्रमाणे दोन्ही भकले सारंगांचे हाती दिली आणि खोबरे खाण्याची वाट पाहत उभे राहिले.

सारंगांनी खोबऱ्याचा तुकडा काढिला, पाहिला, आणि मोठ्या उदारपणे तांडेलांपुढे धरून म्हणाले, “तू खा रे विठोबा. माका आज उपास आसा.” लोक वाहवा करू लागले. परंतु उपासास खोबरे चालते हे पाळण्यातले पोरही जाणते. तांडेलांनी तुकडा घेतला आणि उजवीकडच्या दाढेखाली घालून फोडिला. तो कराकरा आवाज गंगूबाईंनी मागच्या गर्दीतून ऐकिला. चावता चावता तांडेलांनी सारंगांकडे नीट पाहिले, तो डावा गाल किंचित सुजलेला, आणि समोरच्या दातांच्या कडा उडालेल्या, अगदी आपल्यासारख्या. म्हणजे गुप्त इलम दांडीतही गुप्तच होता. मग ते जवळ सरून हळूच बोलले, “बाबल्या, खंयची? उजवी काय डावी?”

सारंगांनी इकडेतिकडे पाहिले. “डावी. वरची.”

“मगे डॉक्टराकडे जा.”

“वरची आसा रे. डोळो जातलो.”

तेव्हा तांडेलांनी आपला डावा डोळा हाताने झाकला, उजव्याने पाण्यापलीकडे किल्ल्याकडे पाहिले आणि म्हणाले, “थंय तटार कावळो बसलो आसा. दिसता तुका?” सारंग दोन्ही डोळे ताणून म्हणाले, “नाय.” तांडेल म्हणाले, “माका दिसता. माझी उजवी वरची हुती.” तटावर कावळा खरोखर होता की नाही, याचा पुरावा आमच्यापाशी नाही. परंतु दुसरे दिवशी बाजारपेठेतील त्या अरुंद जिन्यावर लोकांनी पाहिले ते खरे. विजयी सारंग पायरीपायरीवर थांबत होते, आणि पराजित तांडेल त्यांचा हात घट्ट धरून त्यांस वर नेत होते.

पुढे गणपती आपल्या गावास गेले, दर्या निवळला, आणि तांडेलांच्या बोटीने कुर्ल्या आणिल्या. गंगूबाईंनी कालवण केले, त्या डॉक्टरीणबाईंस ओठ पुन्हा दाखवून आलेल्या, चट्टा पुष्कळ फिका पडलेला. पाने मांडली. सलोनीने हक्काने आजोबांच्या ताटाकडे हात केला, तो आजोबांनी ताट अलगद आपल्याकडे ओढिले. मग डेंगा पाट्यावर ठेवून वरवंट्याने फोडिला, कारण तह तो तह, आणि आतला गर उजवीकडून सावकाश चावून खाल्ला, आणि वाटी पुढे केली आणि म्हणाले, “गंगू, आनी वाढ.”

येणेप्रमाणे शके एकोणीसशे एकोणतीस, भाद्रपद मासी, तांडेलांचे घरी दाढेची मोहीम फत्ते जाहली. नारळ शत्रूने नेला, दाढ आपल्या ठायी राहिली, डोळा शाबूत, पोरीचा दात शाबूत, आणि गंगूबाईंनी वाटी काठोकाठ भरून दिली. त्या दिवशी त्यांस मशेरीची आठवण जाहली नाही.